नकाराचा कर्ता : भाड्याचे घर, वर्णभेद आणि अमेरिकेतील निवासहक्काचा इतिहास

१

भाड्याने घर नाकारणारा मालक सहसा स्वतःच्या नावाने बोलत नाही. ‘आमची काही हरकत नाही, पण शेजाऱ्यांना चालत नाही’, ‘सोसायटीचा तसा नियम आहे’, ‘घरात वडीलधारी माणसे आहेत’ आणि सर्वांत सोयीचे म्हणजे ‘खोली कालच गेली’ अशी ही वाक्ये भारतातील कोणत्याही महानगरात घर शोधत फिरलेल्या माणसाच्या ओळखीची आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांत नकाराची क्रिया आहे. परंतु ती क्रिया करणारा माणूस कर्त्याच्या जागी नाही. शेवटच्या वाक्यात तर खुद्द खोलीच कर्ता झालेली आहे. ती जणू आपल्या पायांनी उठून निघून गेली आहे.

अमेरिकेतील वर्णाधिष्ठित निवासभेदाचा इतिहास सामान्यतः न्यायनिर्णयांचा आणि अधिनियमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तोच इतिहास या अनुपस्थित कर्त्याच्या शोधाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. नकार कोणी दिला? राज्याने, कराराने, शेजाऱ्यांनी, बाजाराने, की दारात उभ्या असलेल्या माणसाने? ज्याच्यावर जबाबदारी ठेवता येत नाही, त्याच्याविरुद्ध हक्कही सांगता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न शब्दच्छलाचा नसून भाडेकरूच्या हक्काचा पाया आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन न्यायालये या प्रश्नाभोवती घुटमळत होती. त्याच काळात कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबऱ्यांनी, कवितांनी आणि नाटकांनी तोच प्रश्न अधिक थेटपणे विचारला. या दोन साक्षी एकमेकींशेजारी ठेवल्या असता काय दिसते, आणि भारतीय अनुभवाच्या वाचनाला त्यांचा काय उपयोग होतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

आरंभी नकाराचा कर्ता उघड होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाल्टिमोर, लुइव्हिल इत्यादी शहरांनी कोणत्या रस्त्यावर कोणत्या वर्णाच्या लोकांनी राहावे, हे नगरपालिकेच्या आदेशाने ठरवून टाकले. लुइव्हिलचा आदेश ‘ब्युकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात ५ नोव्हेंबर १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मात्र या निर्णयाचा आधार कृष्णवर्णीयांचा समतेचा हक्क हा नव्हता. आपली मालमत्ता हव्या त्या व्यक्तीला विकण्याचा गोऱ्या मालकाचा हक्क हा होता. दावाही गोऱ्या विक्रेत्याने कृष्णवर्णीय ग्राहकाविरुद्ध आणलेला होता. राज्याने वर्णानुसार वस्त्या आखू नयेत, एवढेच ठरले. व्यक्तींनी तसे करू नये, असे कोणी म्हटले नव्हते.

राज्याने रिकामी केलेली ही जागा खासगी कराराने भरून काढली. एखाद्या मोहल्ल्यातील घरमालक एकत्र येऊन आपली घरे कृष्णवर्णीयांना विकणार नाही, भाड्याने देणार नाही, त्यांना राहू देणार नाही, असा करार करीत आणि तो मालमत्तेच्या दस्तांत नोंदवीत. घर पुढे कोणाच्याही हाती गेले, तरी निर्बंध घरासोबत जात असे. अशा अनेक करारांत घरकाम करणारे नोकर, रखवालदार आणि वाहनचालक यांचा अपवाद केलेला आढळतो. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाचे अस्तित्व त्या वस्तीला असह्य नव्हते. त्याचे बरोबरीने राहणे असह्य होते. १९२६ मध्ये ‘कॉरिगन विरुद्ध बकली’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांत हस्तक्षेप करण्याचे नाकारले. राज्यघटनेची बंधने राज्याला आहेत, खासगी व्यक्तींना नाहीत, हे त्यामागचे तत्त्व होते.

या खासगी व्यवहारामागे सार्वजनिक आणि व्यावसायिक संस्थांचा हात होता, हे विसरून चालणार नाही. मालमत्ता दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ मध्ये आपल्या नीतिसंहितेत एक कलम घातले. ज्यांच्या येण्याने परिसरातील मालमत्तेचे मोल घटेल, अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तेथे आणण्यास दलालाने साधन होऊ नये, असा त्याचा आशय होता. हे कलम १९५० पर्यंत टिकले. भेदभाव करणे ही तेथे नीती होती आणि न करणे ही अनीती! पुढे तीसच्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्जविषयक यंत्रणांनी शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने धोकादायक म्हणून दाखवल्या. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या १९३८ च्या मार्गदर्शिकेने वर्णनिर्बंधक करारांची शिफारसच केली. दार मालक बंद करीत होता. परंतु कडी सरकारने पुरवलेली होती.

३

या व्यवस्थेचे अंतरंग शिकागो शहराइतके अन्यत्र क्वचितच उघडे पडले असेल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून उत्तरेकडे सुरू झालेल्या महास्थलांतरात १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी आपले प्रदेश सोडले. शिकागोत आलेल्यांना दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्याबाहेर घर मिळणे दुरापास्त होते. मागणी अफाट आणि जागा मोजकी, यांतून ‘किचनेट’ नावाचा प्रकार जन्माला आला. सहा-सात खोल्यांच्या जुन्या बिऱ्हाडाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात एक शेगडी ठेवायची, संडास-न्हाणीघर सामाईक ठेवायचे आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबायचे. मूळ बिऱ्हाडाच्या भाड्याच्या कितीतरी पट उत्पन्न त्यातून निघे. ग्वेन्डोलिन ब्रुक्स यांच्या १९४५ च्या पहिल्या संग्रहातील एका कवितेचे शीर्षकच अशा इमारतीवरून आलेले आहे. सामाईक न्हाणीघरातील कोमट पाणी आपल्या वाट्याला येईल का, या विवंचनेत तेथे स्वप्नांचा विचार मागे पडतो. मुंबईच्या चाळीचे वाङ्मय वाचलेल्याला हा अनुभव परका वाटणार नाही. तथापि चाळीत गर्दी होती ती प्रामुख्याने दारिद्र्यामुळे. किचनेटमधील माणसाला अधिक भाडे देण्याची ऐपत असली, तरी पलीकडच्या रस्त्यावर जाता येत नव्हते.

रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक बिगर थॉमस आई आणि भावंडांसह अशाच एका खोलीत राहतो. ज्या श्रीमंत डॉल्टनच्या घरी त्याला वाहनचालकाची नोकरी मिळते, त्याच डॉल्टनचे भांडवल त्या खोलीच्या मालक कंपनीत गुंतलेले आहे. डॉल्टन दुष्ट नाही, हे राइट यांनी आवर्जून दाखवले आहे. तो कृष्णवर्णीयांच्या संस्थांना भरघोस देणग्या देतो. मुलांच्या क्लबाला तो टेबल टेनिसची टेबले देतो. परंतु बिगरचा वकील त्याची उलटतपासणी घेतो, तेव्हा वेगळेच चित्र पुढे येते. कृष्णवर्णीयांना इतर भागांत घरे का देत नाही, याला डॉल्टनचे उत्तर असे की, तशी रूढी आहे; शिवाय ते लोक एकत्रच सुखी असतात. भाडे कमी का करत नाही, याला उत्तर असे की, स्पर्धकांपेक्षा कमी दर घेणे नीतीला धरून होणार नाही. रूढी, खुद्द भाडेकरूंचे सुख आणि व्यवसायबंधूंविषयीचे कर्तव्य असे तीन कर्ते तो पुढे करतो. चौथा, म्हणजे भाडे घेणारा डॉल्टन, त्याच्या उत्तरांतून नाहीसा होतो.

त्याच वर्षी, त्याच शहरातील एक खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९३७ मध्ये वॉशिंग्टन पार्क भागातील साउथ ऱ्होड्स अव्हेन्यूवर घर घेतले. त्या परिसरावर वर्णनिर्बंधक करार होता. घरासमोर जमाव जमला. आत भिरकावलेली वीट सात वर्षांच्या मुलीला लागता लागता राहिली. ही मुलगी म्हणजे पुढे नाटककार झालेली लोरेन हॅन्सबेरी. वडील न्यायालयात लढत असताना आई रात्रभर भरलेले पिस्तूल हाती घेऊन घरात पहारा देत असे, असे तिने १९६४ मध्ये एका पत्रात लिहून ठेवले आहे.

या खटल्यातील एक तपशील विशेष मननीय आहे. रस्त्यालगतच्या ९५ टक्के मालमत्तेच्या मालकांनी सह्या केल्याशिवाय करार अमलात येणार नाही, अशी अट त्या करारातच होती. पूर्वीच्या एका दाव्यात दोन्ही पक्षांनी ही अट पुरी झाल्याचे परस्परसंमतीने मान्य केले होते. प्रत्यक्षात सह्या केवळ ५४ टक्क्यांच्या आसपास होत्या. इलिनॉयच्या न्यायालयांनी ही वस्तुस्थिती पाहूनही, एकदा निकाल लागलेला असल्याने प्राङ्न्यायाच्या तत्त्वानुसार तो हॅन्सबेरींवरही बंधनकारक आहे, असे ठरवले. नोव्हेंबर १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. करार राबवू पाहणारे आणि तो न मानणारे यांचे हितसंबंध परस्परविरोधी असताना पहिल्यांनी दुसऱ्यांचे प्रतिनिधित्व केले असे मानता येणार नाही, हे त्याचे कारण.

कायद्याच्या अभ्यासक्रमात ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ हा प्रातिनिधिक दाव्यांच्या कार्यपद्धतीविषयीचा निर्णय म्हणून शिकवला जातो. वर्णनिर्बंधक करार वैध की अवैध, यावर न्यायालयाने मत दिलेच नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला या तांत्रिक निर्णयाच्या पोटात एक मोठे सत्य दिसेल. ‘शेजाऱ्यांना चालत नाही’ हे विधान येथे प्रथमच मोजून पाहिले गेले आणि ते खोटे ठरले. जवळपास निम्म्या शेजाऱ्यांनी सही केलेलीच नव्हती. ‘सर्वांच्या’ नावाने बोलणाऱ्याला तसे बोलण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले.

इतिहासाची गुंतागुंत येथेच संपत नाही. कार्ल हॅन्सबेरी यांची संपत्ती उभी राहिली होती ती मोठी बिऱ्हाडे पाडून केलेल्या किचनेटच्या भाड्यावर. वर्णभेदाने निर्माण केलेल्या टंचाईचा लाभ त्या टंचाईविरुद्ध लढणाऱ्यालाही झाला होता. घरमालक म्हणजे गोरा आणि भाडेकरू म्हणजे काळा असे सोपे समीकरण मांडून हा इतिहास उलगडत नाही.

४

१९४० च्याच सुमारास लँगस्टन ह्यूज यांनी घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील भांडणावर एक पोवाडेवजा कविता लिहिली. गळके छप्पर आणि मोडक्या पायऱ्या दुरुस्त केल्याशिवाय भाडे देणार नाही, असे भाडेकरू म्हणतो. बोलाचाली वाढते, मालक पोलिसांना बोलावतो, भाडेकरू तुरुंगात जातो. या कवितेत आवाज कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे. आरंभापासून भाडेकरू बोलत असतो. शेवटी त्याचा आवाज बंद पडतो आणि त्याच्या जागी वर्तमानपत्राचे मथळे येतात. त्या मथळ्यांत मालकाचा कसूर नाही, गळणारे छप्पर नाही. आहे तो केवळ कृष्णवर्णीय भाडेकरूचा अपराध. दुरुस्तीच्या मागणीचे धमकीत रूपांतर भाषेनेच कसे होते, याचे हे थोडक्यातले दर्शन आहे.

१९६५ मध्ये बोस्टनच्या एका शाळेत जोनाथन कोझोल या तरुण शिक्षकाने चौथीच्या वर्गात ही कविता वाचून दाखवली आणि त्याला कामावरून काढून टाकण्यात आले. त्याच्या वर्गातील मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय होती. दोन वर्षांनी त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले. भाडेकरूची बाजू नुसती उच्चारणे हेही त्या काळात व्यवस्थेला किती झोंबत होते, हे या प्रसंगावरून कळते.

५

दरम्यान कायद्याने एक पाऊल पुढे टाकले होते. ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या सेंट लुइसमधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे १९४८ रोजी वर्णनिर्बंधक करारांची न्यायालयीन अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली. युक्तिवाद असा होता की, करार खासगी असला, तरी न्यायालय तो राबवते तेव्हा ती कृती राज्याची ठरते. निर्णय सहा न्यायमूर्तींनी एकमताने दिला. उरलेल्या तिघांनी कारण न देता सुनावणीत भाग घेतला नाही. त्यांची स्वतःची घरेच अशा करारांखाली असावीत, असा तर्क तेव्हापासून केला जातो. तो खरा असेल तर नकाराचा कर्ता न्यायासनापर्यंत पोहोचला होता, असे म्हणावे लागेल.

परंतु शेली निर्णयाची मर्यादा भाडेकरूच्या दृष्टीने मोठी होती. न्यायालय करार राबवणार नव्हते. मात्र मालकाने आपखुशीने तो पाळला, तर त्याला अडवणारे काही नव्हते. विकत घेणाऱ्याच्या हाती निदान दस्त असे. भाडेकरूच्या हाती काय असणार? त्याला नुसते ‘जागा नाही’ असे सांगितले की प्रकरण मिटे. लोकगायक वुडी गथ्री डिसेंबर १९५० मध्ये ब्रुकलिनमधील बीच हेवन या वसाहतीत राहायला गेले. सरकारी पाठबळाच्या कर्जावर उभी राहिलेली ही वसाहत फ्रेड ट्रम्प यांच्या मालकीची होती. तेथील वर्णरेषेविषयीचा संताप गथ्रींनी आपल्या वह्यांत लिहून ठेवला. ते लेखन अभ्यासकांच्या हाती लागून २०१६ मध्ये प्रकाशात आले. गोऱ्या भाडेकरूची ही साक्ष महत्त्वाची आहे. ज्याला घर मिळाले, तोच सांगत होता की, इतरांना ते का मिळत नाही, हे येथे कोणी बोलत नाही.

लोरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक ब्रॉडवेवर होण्याचा हा पहिलाच प्रसंग. यंगर कुटुंब शिकागोच्या दक्षिण भागात जुनाट बिऱ्हाडात भाड्याने राहते. वडिलांच्या विम्याच्या १० हजार डॉलरपैकी काही रकमेतून आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग कार्ल लिंडनर नावाचा सौम्य, अवघडलेला गृहस्थ वस्तीच्या सुधारणा मंडळाच्या वतीने येतो आणि ते घर नफा देऊन परत घेण्याची तयारी दाखवतो. नाटकातील हा एकमेव गोरा. तो आरडाओरड करत नाही, शिवी देत नाही. वंशद्वेषाचा येथे काही संबंध नाही, असेच तो सांगतो. त्याच्या मते निग्रो कुटुंबे आपल्या वस्तीत अधिक सुखी असतात. एकोणीस वर्षांपूर्वी राइट यांच्या डॉल्टनने दिलेले उत्तर येथे जवळपास जसेच्या तसे परत आले आहे. ‘सुधारणा’ या शब्दावरील उपरोधही लपत नाही.

या प्रवेशाचे सामर्थ्य लिंडनरच्या सर्वनामांत आहे. तो ‘आम्ही’ म्हणतो, ‘आमचे लोक’ म्हणतो. ‘मी’ म्हणायचे टाळतो. नाटकाच्या अखेरीस वॉल्टर ली त्याला उत्तर देतो तेव्हा तोही ‘आम्ही’ म्हणतो. परंतु त्याचे ‘आम्ही’ मोजता येते: पाच पिढ्या या देशात राबलेले, या खोलीत त्याच्या मागे उभे असलेले एक कुटुंब. एक ‘आम्ही’ जबाबदारी टाळण्यासाठी आहे, दुसरे ती घेण्यासाठी. हॅन्सबेरी यांनी वडिलांच्या खटल्यातून हा भेद उचलला असावा, असे म्हणायला पुरेसा आधार त्या खटल्यातच आहे.

६

साठच्या दशकात हा प्रश्न रस्त्यावर आला. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये केलेला निवासविषयक कायदा तेथील मतदारांनी १९६४ मध्ये सार्वमताने उलटवला. मालकाला हव्या त्या व्यक्तीला नाकारण्याचा निरपवाद हक्क राज्यघटनेतच लिहिला गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या लॉनडेल भागातील मोडकळीला आलेल्या घरात भाड्याने राहायला गेले. खुल्या निवासासाठी काढलेल्या मोर्चात त्यांना दगड लागला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या दहा कलमी कार्यक्रमात माणसांना राहण्यायोग्य घर ही एक स्वतंत्र मागणी होती. काँग्रेसमध्ये वारंवार अडलेले निवासविषयक विधेयक ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाल्यानंतर आठवड्याभरात संमत झाले. ११ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने प्रथमच खासगी घरमालकाला देशभर नकाराचा कर्ता म्हणून उभे केले. वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून घर विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देणे, वेगळ्या अटी घालणे, भेदसूचक जाहिरात देणे यांना मनाई झाली. १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुले असलेली कुटुंबे यांचा समावेश झाला. त्याच १९८८ च्या दुरुस्तीने अंमलबजावणीलाही धार आली. आज पीडित व्यक्तीला गृहनिर्माण विभागाकडे एका वर्षाच्या आत तक्रार आणि न्यायालयात दोन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. अपवादही राहिले. चारपेक्षा अधिक बिऱ्हाडे नसलेल्या आणि मालक स्वतः राहत असलेल्या घराला नकाराविषयीच्या तरतुदी लागू होत नाहीत. मात्र भेदसूचक जाहिरात तेथेही करता येत नाही. दोनच महिन्यांनी ‘जोन्स विरुद्ध मेयर’ या निर्णयाने १८६६ च्या नागरी हक्क कायद्याला जाग आणली आणि वर्णावरून होणाऱ्या खासगी नकारालाही तो लागू होतो, असे ठरले.

परंतु या कायद्यातील सर्वांत मार्मिक तरतूद वेगळीच आहे. घर प्रत्यक्षात उपलब्ध असताना वंश वा वर्णामुळे कोणाही व्यक्तीला ते उपलब्ध नाही असे सांगणे, हेच बेकायदेशीर ठरवण्यात आले. ‘खोली कालच गेली’ हे वाक्य अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आले. मात्र ते खोटे आहे, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी निवासहक्काच्या संघटनांनी जोडीने पडताळणी करण्याची पद्धत विकसित केली. उत्पन्न, नोकरी, कुटुंब यांत सारखे दिसणारे दोन जण, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, एकाच मालकाकडे थोड्या अंतराने जातात आणि मिळालेली उत्तरे नोंदवतात. पहिल्याला ‘जागा नाही’ आणि दुसऱ्याला ‘या, दाखवतो’ असे उत्तर मिळाले, की हरवलेला कर्ता सापडतो.

यावर आक्षेप स्वाभाविक होता. पडताळणी करणाऱ्याला घर नकोच होते; मग त्याचे नुकसान काय झाले? व्हर्जिनियातील ‘हेवन्स रियल्टी विरुद्ध कोलमन’ या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. कायद्याने प्रत्येक व्यक्तीला खरी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. कृष्णवर्णीय पडताळणीकर्तीला खोटे सांगण्यात आले, म्हणून तिला दावा करता येईल. तिच्या गोऱ्या सहकाऱ्याला खरे सांगितले गेले, म्हणून या आधारावर त्याला तो करता येणार नाही. घर मिळण्याच्या हक्काआधी खरे ऐकण्याचा हक्क येतो, हे या निर्णयाचे सार होय.

गथ्रींनी ज्यांच्याविषयी लिहिले होते, त्यांच्या कंपनीवर सरकारने १९७३ मध्ये याच कायद्याखाली दावा लावला. कृष्णवर्णीयांच्या अर्जांवर सांकेतिक खुणा केल्या जात, असा आरोप चौकशीत पुढे आला. कंपनीने आरोप नाकारले आणि १९७५ मध्ये दोष मान्य न करता पुढील वर्तनाविषयीच्या अटी स्वीकारल्या. कर्ता पुन्हा एकदा अर्धवटच हाती लागला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. भेदभावाचा हेतूच नसेल, किंवा दाखवता येत नसेल, तर? २०१५ मध्ये टेक्सासमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, हेतू सिद्ध न होताही धोरणाच्या विषम परिणामांवरून या कायद्याखाली दावा करता येतो. अलीकडे तर अर्जदाराची छाननी संगणकीय गुणांकावर सोपवली जाते. असा गुणांक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक भाडेकरूंना अन्यायकारक ठरतो, असा दावा मॅसॅच्युसेट्समध्ये एका छाननी कंपनीविरुद्ध झाला. २०२४ मध्ये तो सुमारे २२ लाख ७५ हजार डॉलरच्या तडजोडीने मिटला. ‘शेजाऱ्यांना चालत नाही’च्या जागी आता ‘संगणक होकार देत नाही’ हे वाक्य आले आहे.

७

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंशभेद आणि अस्पृश्यता यांतील साम्य-भेदांची जाण होती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. लुइव्हिलचा खटला निकाली निघाला, त्याच वर्षी, १९१७ मध्ये, ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांना पारशी धर्मशाळेत पारशी नावाने उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्यासोबत ते वसतिगृहात राहिले, ते नवल भथेना पारशीच होते आणि जन्मभराचे स्नेही राहिले. प्रश्न एखाद्या समाजाच्या स्वभावाचा नव्हता, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत या प्रसंगाचा जो भाग कमी वाचला जातो, तो लाठ्यांनंतरचा आहे. आंबेडकर दोन परिचितांकडे आसरा मागतात. हिंदू मित्र म्हणतो, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. जमावाचा नकार कर्तरी प्रयोगातला होता. सुशिक्षितांचा नकार नोकरांच्या आणि पत्नीच्या नावाने आला. डॉल्टन आणि लिंडनर यांच्या कितीतरी आधी हे दोन नकार अनुभवले गेले होते, आणि तेही तितक्याच सौम्य भाषेत.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत नव्या गावी नोकरीला गेलेला नायक जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. ‘चोरली’ हे क्रियापद येथे निर्णायक आहे. व्यवस्थेने स्वतःचा कर्ता लपवला आणि पीडिताला मात्र चोर या कर्तरी भूमिकेत उभे केले. धर्मशाळेच्या वहीतील खोटे नाव आणि बागुलांचा नायक यांना जोडणारा धागा हाच आहे. ह्यूज यांच्या कवितेतील मथळेही भाडेकरूला असेच गुन्हेगार करतात.

कायद्याच्या बाजूने पाहता भारताची सुरुवात अमेरिकेच्या आधीची आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, कोणत्याही वस्तीत निवासी जागा घेण्यास वा तेथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट त्यानंतर तेरा वर्षांनी आला. परंतु हा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. धर्म, वंश वा प्रदेश यांवरून नाकारलेल्या भाडेकरूला तो उपयोगी पडत नाही. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख करते, खासगी निवासाचा नाही. झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी संघस्वातंत्र्याच्या आधारे वैध मानली. १९२६ च्या कॉरिगन निर्णयाशी तिची तुलना अभ्यासकांना अपरिहार्य वाटेल. ईशान्य भारतीयांना महानगरांत भोगाव्या लागणाऱ्या वंशभेदाचा विचार करणाऱ्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी क्षेत्रात जोडीने पडताळणी करण्याची पद्धत वापरून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि त्याहून अधिक मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार येतो, असे त्यात आढळले. पद्धत आली, तिच्या निष्कर्षाला न्यायालयात उभे करणारा सर्वंकष निवासकायदा मात्र भारतात नाही.

साहित्य आणि कायदा यांचे नाते पूर्वसूचनेचे वा प्रतिबिंबाचे असते, असे सांगण्याची प्रथा आहे. वरील इतिहासात ते अधिक व्यावहारिक दिसते. नकाराचे वाक्य जसेच्या तसे, त्यातील सौम्यपणासह आणि पळवाटांसह जपून ठेवण्याचे काम साहित्याने केले, कारण दस्तांत ते वाक्य कधी येतच नाही. कायद्याने त्या वाक्याचा खरेखोटेपणा तपासण्याची सोय केली, पण ती केल्यावरही नकाराने नवे कर्ते शोधले. लिंडनर, बडोद्याचे दोन मित्र आणि डॉल्टन यांची भाषा शेजारी ठेवून वाचणे हे म्हणूनच केवळ प्रभावाभ्यासाचे काम नाही. ‘खोली कालच गेली’ असे ऐकून जिना उतरणाऱ्या माणसाच्या हाती पुरावा म्हणून अनेकदा तेवढे एकच वाक्य असते. ते वाक्य खोटे ठरवण्याचा हक्क अमेरिकेतील भाडेकरूला १९६८ मध्ये मिळाला आणि १९८२ मध्ये त्याचा अर्थ निश्चित झाला. भारतातील बहुसंख्य भाडेकरूंच्या बाबतीत ते वाक्य खोटे असले, तरी अद्याप बेकायदेशीर नाही.